श्प्रिंत्साचं बारसं

समरकंदच्या यहुदी मोहल्ल्यात एकाच गल्लीत चार सिव्यो होत्या. हौदाजवळची म्हातारी सिव्यो, तिची नात सिव्यो, न्हाव्याची सिव्यो आणि रंगाऱ्याची सिव्यो. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणी ‘सिव्यो’ अशी हाक मारली की दारादारांतून डोकी बाहेर येत आणि मग नेमकी कोणती हवी याचा खल चाले. यात कुणाला काही गैरसोय वाटत नसे. आजी डोळ्यांदेखत असताना तिचं नाव नातीला द्यायचं, म्हणजे तिला सांगायचं की बाई, तुझं नाव चालू राहिलं, आता तू निवांत जग. मोहल्ल्याचा रिवाजच तसा होता. जिच्या नावाची नात नाही तिच्याकडे मात्र बाया जरा कणवेनं बघत.

रंगाऱ्याच्या सिव्योकडे गेली कित्येक वर्षं असंच बघितलं जात होतं.

नवरा रेशीम रंगवायचा. तो लढाईच्या आधीच गेला, पण त्याच्या निळीचे डाग अंगणातल्या विटांवर तसेच राहिले आणि सिव्योच्या नखांच्या मुळाशीही, कारण तो गेल्यावर कढया तिनंच सांभाळल्या. दोन मुलगे. थोरला अम्नून लढाईवर गेला आणि काही महिन्यांनी एक सरकारी कागद आला, की तो कुठे आहे याचा तपास लागत नाही. सिव्योनं तो शेजाऱ्याकडून वाचून घेतला. म्हणाली, “सापडत नाही एवढंच ना? लहानपणी तरी जेवायच्या वेळेला कधी सापडला होता?” अम्नूनचा चहाचा प्याला तिनं कोनाड्यात पालथा घालून ठेवला. रोज सकाळी तो काढायचा, धुवायचा, पुसायचा आणि परत पालथा घालायचा. मोहल्ल्यातल्या एका भल्या गृहस्थानं येऊन हळूच विचारलं होतं, की अम्नूनसाठी मृतांची प्रार्थना म्हणायला सुरुवात करू का. सिव्योनं झाडू उचलला आणि त्याला हौदापर्यंत पळवला. तो टोपी सांभाळत पुढे आणि ही मागे. ती गोष्ट मोहल्ल्यात पुढे पुष्कळ दिवस सांगितली गेली, आणि तेव्हापासून तसलं विचारायला कुणी त्या दाराशी आलं नाही.

धाकटा नेर्यो लंगडत का होईना परत आला. आणि आल्या आल्या घरातल्या पोरक्या मुलीच्या प्रेमात पडला.

ती गितल. लढाईच्या दिवसांत पोलंडकडून माणसांचे लोंढे आले, त्यातली. सिव्यो स्टेशनवर कोळसा आणायला गेली होती. कोळसा मिळाला नाही, ही मिळाली. टायफसनं डोक्यावरचे केस गेलेले, अंगात कुणा पुरुषाचा कोट, आणि भाषा अशी की एक अक्षर कळेना. आपण दोघी यहुदी आहोत हे प्रार्थनेतले चार शब्द म्हणून त्यांनी एकमेकींना पटवलं. तरी सिव्योला बरेच दिवस संशय होता, कारण या मुलीनं पुलावातलं गाजर बघून ते गोड का नाही असं विचारलं होतं. वल्हांडणाच्या सणात तर तिनं भाताला हातच लावला नाही. तिच्या गावी त्या सणात भात चालत नाही म्हणे.

“मग खाता काय?” सिव्योनं विचारलं.

“बटाटे.”

“सगळा सण?”

“सगळा सण.”

“तरीच तुमची माणसं अशी दिसतात,” सिव्यो म्हणाली, आणि उठून बटाटे उकडायला टाकले.

गितल आली होती तिच्या काकांबरोबर. आई मागे राहिली. दुकानाला कुलूप लावते, आजारी आत्याला कुणाच्या तरी हवाली करते आणि येतेच तुमच्या मागून, असं ती सरहद्दीवरच्या नदीच्या काठावर म्हणाली होती. पुढे काकांचं बिऱ्हाड गितलला इस्पितळात सोडून ताश्कंदकडे गेलं, ते गेलंच. आई आली नाही. गितल आईबद्दल काही बोलायची नाही आणि सिव्यो विचारायची नाही. एक जण कोनाड्यातला प्याला पुसायची आणि दुसरी त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायची, इतकं त्या दोघींचं एकमेकींना ठाऊक होतं. लग्नाच्या वेळी विहिणीचं नाव विचारावं लागलं तेव्हा ते पहिल्यांदा कळलं, श्प्रिंत्सा. सिव्योनं ते एकदा म्हणून पाहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.

लग्न झालं तरी गितल सासूला आधीसारखीच आपा, म्हणजे ताई, म्हणत राहिली. शेजारची बख्माल यावरून टोमणे मारायची. ही बख्माल नावाला मखमल, बोलायला काथ्या. सिव्यो तिला म्हणायची, आई म्हणायला तिला तिची आई आहे, मी आपा आहे तेच बरं आहे.

लढाई संपली त्या वर्षी, डाळिंबं तडकायच्या दिवसांत नेर्योला मुलगी झाली.

सिव्योनं नावाचा विषयसुद्धा काढला नाही. त्यात काढायचं काय? पहिली नात, बापाची आई हयात, नाव ठरलेलंच. ती मनातल्या मनात हाका मारून बघत होती, धाकटी सिव्यो, आमची सिव्यो. आणि पाचव्या सिव्योमुळे न्हाव्याच्या सिव्योचं तोंड कसं होईल तेही बघत होती. अशात एका सकाळी नेर्यो खाली मान घालून आला आणि म्हणाला, की गितल म्हणते, ते नाव नको. तिच्या पणजीचं ठेवू या, द्वोस्या.

“ही पणजी आहे कुठे?”

“कधीच गेली.”

“दोन आज्या हयात असताना तुम्ही पणजीला कुठून उकरून काढलंत?”

 नेर्योनं बायकोला कारण विचारलं होतं, तर ती नुसती रडली होती, आणि बाळंतिणीला आणखी रडवायचं नाही म्हणून तो उठून आला होता.  सिव्योनं त्या दिवशी निळीची कढई इतकी घासली की नवरा असता तर म्हणाला असता, बाई, तळ तरी राहू दे. बख्मालला कुठून तरी वास लागलाच. कुंपणावरून म्हणाली, “स्टेशनवरून उचलून आणलीस, केस उगवेपर्यंत सूप पाजलंस, आणि आता तुझं नाव तिला खुपतं होय?”

सिव्यो म्हणाली, “तुझ्या चुलीवर दूध उतू जातंय.” जात नव्हतं. पण बख्माल गेली.

दोन दिवस सिव्यो धुमसली. तिसऱ्या दिवशी प्याला पुसता पुसता तिच्या मनात आलं, की आजी काय मी एकटीच आहे? दुसरी आहे ना. माझं नको तर तिचं. विहीण कुठे का असेना, आपल्या नावाची नात समरकंदला आहे म्हटल्यावर तिला पाय उचलावाच लागेल. सिव्योनं स्वतःची पाळी सोडून दिली, आणि सोडली ती अशी ऐटीत, की तिचं तिलाच भरून आलं. कुणाला सांगितलं नाही. पाळण्याच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं, गितलचा चेहरा बघायचा, आणि बख्मालचाही.

पाळण्याच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या. लढाई नुकतीच सरलेली, त्यामुळे पुलावात गाजरं भरपूर, तांदूळ बेताचा आणि मांस नावाला, पण वास असा सुटला होता की हौदावरची पोरं भिंतीवर येऊन बसली. अम्नून आणि नेर्यो ज्यात वाढले तो लाकडी पाळणा सिव्योनं धुऊनपुसून मधोमध मांडला. हौदाजवळच्या म्हाताऱ्या सिव्योनं बाळाला हातात घेतलं आणि नेहमीचा खेळ सुरू झाला. ती बाळाला पाळण्यात मुद्दाम उलटं धरायची, पाय उशीकडे, आणि विचारायची, “असं?”

“नाही,” सगळ्या बाया ओरडायच्या.

“मग असं?” आता आडवं.

“नाही.”

म्हातारीला या खेळात कुणी हरवू शकत नसे. ती बाळाला सगळ्या दिशांना फिरवून दमली, शेवटी सरळ निजवलं, तेव्हा कुठे बाया हो म्हणाल्या आणि मिठाई उधळली गेली. त्या गलक्यात सिव्यो उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, “मुलीचं नाव ठेवलं, श्प्रिंत्सा. तिच्या आईच्या आईचं.”

“नाही,” गितल म्हणाली.

बाया खो खो हसल्या. त्यांना वाटलं, सुनेला खेळ आवडला, ती अजून खेळतेय.

“नाही,” गितल परत म्हणाली. परत हशा. तिसऱ्यांदा ती इतक्या हळू म्हणाली की पुढे बसलेल्यांनीच ऐकलं, आणि त्या आधी गप्प झाल्या, मग मागच्या. गितलनं पाळण्यातून बाळ उचललं आणि ती अंगण ओलांडून कढयांच्या खोलीत गेली.

सिव्यो तिच्या मागे गेली ती रागानं फुललेली. दार लोटलं आणि म्हणाली, “माझं नाव नको म्हणालीस, मी ऐकलं. तुझ्या आईचं ठेवलं, तर तेही नको. मग या पोरीला काय आयुष्यभर अगं अगं म्हणायचं?”

गितल उपड्या टोपलीवर बसली होती. बाळाच्या कपाळावर मिठाईची साखर चिकटली होती, ती बोटानं काढत म्हणाली, “आपा, आमच्याकडे फक्त गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात.”

“फक्त?”

“फक्त. जिवंत माणसाचं ठेवलं तर मृत्यूचा फरिश्ता घोटाळ्यात पडतो. एकीला न्यायला येतो आणि दुसरीला उचलतो. म्हणून मी तुमचं नको म्हटलं. मला तुम्ही हव्या आहात.”

सिव्योचा अर्धा राग तिथेच गेला. तरी ती सहज सोडणारी नव्हती. “फरिश्ता या गल्लीत माझ्या लग्नाच्या आधीपासून येतोय,” ती म्हणाली. “इथे चार चार सिव्यो आहेत, एकदाही चुकलेला नाही. त्याला घरं पाठ आहेत.”

गितल हसली नाही. तेव्हा सिव्योच्या डोक्यात उरलेलं शिरलं. गेलेल्या माणसाचंच नाव. आणि आपण आत्ता सगळ्या गल्लीसमोर काय नाव घेतलं.

“तुम्ही सांगून टाकलंत,” गितल म्हणाली. “माझी आई गेली म्हणून. वर मिठाई वाटलीत.”

सिव्यो कढईच्या काठावर बसली. तो गृहस्थ तिच्या डोळ्यांसमोर आला, टोपी धरून हौदाकडे पळणारा. त्या बिचाऱ्यानं नुसतं विचारलं होतं. तिनं तर विचारलंही नव्हतं, पुलाव शिजवून, बाया जमवून करून टाकलं होतं. बाहेर कुणीतरी झारा आपटत होतं. सिव्योनं कोपऱ्याकडे बोट केलं.

“झाडू तिथे आहे,” ती म्हणाली. “घे. हौदापर्यंत मी पुढे पळते.”

 गितलच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे बाळालाही ठरवता येईना, ते टकामका बघत होतं.  थोड्या वेळानं सिव्यो म्हणाली, ठीक आहे, पणजीचं ठेव, द्वोस्या का कोण ती. गितलनं मान हलवली. ते आता बसायचं नाही, म्हणाली, एक नाव पाळण्यावर घेऊन झालंय.

सिव्यो बाहेर आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “नाव अजून यायचंय. ताश्कंदच्या गाडीनं येतंय, उशीर होणारच. जेवा.”

बाया जेवल्या. गार पुलाव जेवल्या आणि जाताना गल्लीभर बोलत गेल्या. बिननावाचं मूल पाळण्यात निजलं, असं मोहल्ल्यात कधी घडलं नव्हतं. बख्मालला महिनाभर दुसरा विषय लागला नाही.

मुलीला सगळे पाहुणी म्हणू लागले. पाहुणीला भूक लागली, पाहुणीला दात आला. पुढच्या वसंतात पोलंडच्या माणसांना परत जायची मुभा मिळाली आणि गाड्या सुटू लागल्या. ज्या दिवशी गितलच्या भागातली माणसं निघाली त्या दिवशी ती पाहुणीला कडेवर घेऊन स्टेशनवर गेली, गावात जाऊन बघा आणि कळवा असं सांगायला. नेर्यो कारखान्यात होता. सिव्यो घरात एकटी. तिनं चूल पेटवली, विझवली, परत पेटवली. गाडीचे डबे उघडे असतात, एक पाय वर टाकला की झालं, आणि तिनं टाकला तर तिला नावं कोणत्या तोंडानं ठेवायची, हे सगळं तिनं त्या दिवसात विचार करून संपवलं. ऊन उतरताना दार वाजलं. गितल आली होती, एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी.

“स्टेशनवर कोळसा होता,” ती म्हणाली. “म्हटलं, घ्यावा.”

गेलेल्या माणसांकडून काही निरोप आला नाही. उन्हाळा सरला, परत डाळिंबं आली. पाहुणी चालायला लागली होती, आणि चालायला लागलेलं मूल जसं कुठल्याही उघड्या दाराला आमंत्रण समजतं, तशीच तीही. एका दुपारी सिव्यो पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. गितल रंगवलेल्या लडी दोरीवर टाकत होती, कोपरापर्यंत निळी. अंगणाचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. बाहेर गल्लीच्या कडेनं पाण्याचा पाट, आणि त्या दिवशी वरून पाणी सोडलेलं, पाट काठोकाठ. पाहुणी दारातून बाहेर पडली, पाटाकडे निघाली. सिव्योचे गुडघे उठायला वेळ घेत. तिनं तोंड उघडलं, पण पाहुणी या हाकेला ती पोरगी कधी वळायची नाही, कारण त्या नावानं तिला घरातला प्रत्येक जण दिवसभर हाका मारायचा.

“श्प्रिंत्सा!”

गितलचा आवाज असा कधी कुणी ऐकला नव्हता. बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचेल असा. पाटाच्या काठावर पाहुणी थांबली. वळली. आईकडे बघितलं, आणि दुडदुडत परत आली.

गितलनं तिला उचललं तेव्हा मुलीचा सगळा झगा निळा झाला. ती तिला घेऊन पायरीवर सिव्योजवळ येऊन बसली. तांदूळ सांडले होते, ते दोघींनीही गोळा केले नाहीत.

“माझी आजी अशी हाक मारायची,” गितल म्हणाली. “आई दुकानात असायची, आजी रस्त्यापलीकडून ओरडायची. आई म्हणायची, घोडे बुजतात.”

 इतकं लांब वाक्य आईबद्दल सिव्योनं या मुलीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“मेलेल्या माणसाला कुणी असं ओरडत नाही, आपा.”

“नाही ओरडत.”

“ठेवा तेच नाव. पण तुमच्या रिवाजानं. आमच्या नाही.”

“आमच्या रिवाजानं म्हणजे तुझी आई आहे असं धरून.”

“हो.”

“आणि उद्या काही...” सिव्यो थांबली.

“उद्या काही कळलं,” गितल म्हणाली, “तर आमच्याही रिवाजात बसेल. बदलावं लागणार नाही.”

सिव्योनं पाहुणीचं निळं नाक ओढणीनं पुसलं. ते आणखी निळं झालं. मग तिनं विचारलं, “आणि माझी पाळी?”

“पुढच्या वेळी. आधी तुमच्या फरिश्त्यावर माझा जरा विश्वास बसू दे.”

नुसतं नाव ठेवून भागलं असतं, पण सिव्यो हट्टाला पेटली. पाळण्याशिवाय बारसं नाही. परत पाळणा निघाला, परत गाजरं आली, तांदूळ या वेळी आणखी बेताचा होता. बाया झाडून सगळ्या आल्या, काय होतं ते बघायला. हौदाजवळच्या म्हाताऱ्या सिव्योनं पाहुणीला उचललं आणि कण्हली. पाळण्यात ठेवलं तर पाय बाहेर. उलटं ठेवलं तर डोकं बाहेर.

“असं?” म्हातारीनं विचारलं.

“नाही,” पाहुणी म्हणाली. तिला तेवढा एकच शब्द येत होता, आणि तो तिनं बायांच्या आधी म्हटला. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तोवर पाहुणी पाळण्यातून उतरून पुलावाकडे चालू लागली होती.

सिव्यो उभी राहिली. आठवडाभर तिनं त्या नावाचा सराव केला होता, तोंडात पाणी धरून, पाणी न धरता, कढईत तोंड घालून. ती म्हणाली, “इश्पिरिन्सो.” मग थांबून, “तिच्या आईच्या आईचं.”

हसू एकदम बंद झालं. सगळ्या गितलकडे बघू लागल्या. बख्मालसुद्धा.

“हो,” गितल म्हणाली. “तसंच. जवळपास.”

मिठाई उधळली गेली. बाया गरम पुलाव जेवल्या. चहाची वेळ झाली तेव्हा सिव्योनं कोनाड्यातून अम्नूनचा प्याला काढला, पुसला आणि परत पालथा घातला. मग तिनं ताटातून आणखी एक प्याला उचलला, तोही पुसला आणि त्याच्या शेजारी पालथा ठेवला.

“हा कुणाचा?” बख्मालनं विचारलं.

“विहीणबाईंचा. लांबून यायच्यात, आल्या आल्या चहा लागेल.”

बख्माल काहीतरी बोलणार होती, पण त्या दिवशी तिनं घास तोंडात घातला. गितल किटली घेऊन दारात उभी होती.

“ती साखर चहात घालत नाही,” गितल म्हणाली. “दातात धरते आणि वरून चहा पिते.”

सिव्योनं साखरेचा खडा फोडून त्यातला बरासा तुकडा नव्या प्याल्याशेजारी ठेवला. जरा वेळानं श्प्रिंत्सा आली, कोनाड्याखालच्या पेटीवर चढली, आणि तो उचलून तिनं तोंडात टाकला.